मॅच खेळायची, मॅच भरवायची, बातमीही द्यायची

(दृश्य : बेळगाव, टिळकवाडी. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर मुलींचा सराव.)

सांगलीची स्मृती मानधना बेळगावात कुणाला सांगावी लागत नाही. २०१८ आणि २०२१ या वर्षांसाठी आयसीसीनं तिला सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू ठरवलं. तो पुरस्कार ज्यांच्या नावानं दिला जातो, त्या रेचल हेहो फ्लिंट मात्र इथं फारशा कुणाच्या ओळखीच्या नाहीत.

जन्म १९३९, इंग्लंडमधलं वूल्व्हरहॅम्प्टन. पेशानं व्यायामशिक्षिका. १९६३ मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर त्यांनी षटकार मारला, महिलांच्या कसोटीतला पहिला. तिथंच १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध साडेआठ तासांहून जास्त वेळ उभं राहून १७९ धावा काढल्या आणि हातातून चाललेली कसोटी वाचवली.

पण नुसत्या धावांवर हा पुरस्कार त्यांच्या नावाचा झाला नसता. पुरुषांचा पहिला विश्वचषक १९७५ चा. महिलांचा त्याच्या दोन वर्षं आधी झाला, कारण रेचलबाईंनी उद्योगपती जॅक हेवर्ड यांना गळ घातली. त्यांनी ४० हजार पौंड दिले. एजबॅस्टनच्या शेवटच्या सामन्यात इंग्लंडनं ऑस्ट्रेलियाला ९२ धावांनी हरवलं. कप्तान रेचलबाई, धावा ६४.

आणि हे लोकांपर्यंत पोचवायचं कुणी? तेही त्याच करायच्या. वूल्व्हरहॅम्प्टनच्या वर्तमानपत्रात बातमीदारी, पुढं ‘डेली टेलिग्राफ’साठी लेखन, टीव्हीवर निवेदन. छापून आलं नाही तर पैसे देणारा येत नाही, मैदान मिळत नाही, हे त्यांनी पक्कं ओळखलं होतं.

(दृश्य : झाडाखाली बाकडं. मांडीवर स्कोअरबुक घेतलेली मुलगी.)

बेळगावात हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडं टेनिस बॉलच्या स्पर्धेत नारळ फोडणाऱ्या पाहुण्यांचा फोटो येतो. मुलींच्या मॅचला जेमतेम दोन ओळी, त्यातही पाहुण्यांची नावं आधी आणि धावा जागा उरली तर.

इथं खेळपट्टीवर एकीची हाक मराठीत, दुसरीची कन्नडात. रन-आऊट मात्र दोन्ही भाषांत सारखाच. तो झाला की बाकड्यावरची मुलगी कुणाची चूक ते विचारत नाही, खाली मान घालून नोंद करते. मॅच संपली की मोबाइलवर बातमी लिहायला घेते : ‘बेळगाव, प्रतिनिधी’. सर मागून वाकून बघतात. “अगं, आधी कुणी किती काढले ते लिही. आमची नावं शेवटी.”

रेचलबाईंचं सगळंच काही सरळ झालं नाही. १९७७ मध्ये त्यांचं कप्तानपद काढून घेतलं. कप्तान म्हणून एकही कसोटी न हरलेल्या बाईचं! १९७८ चा विश्वचषक भारतात झाला. कोलकाता, जमशेदपूर, पाटणा, हैदराबाद इथं सामने झाले, पण इंग्लंडच्या संघात त्या नव्हत्या. भारतातल्या प्रेक्षकांचं ते नुकसान, असं आमचं मत.

लॉर्ड्सचं मैदान ज्यांचं, तो एमसीसी क्लब १७८७ चा, आणि सभासद फक्त पुरुष. १९९१ मध्ये रेचलबाईंनी ‘आर. फ्लिंट’ एवढंच नाव घालून अर्ज केला. बाई की बुवा, कळू नये म्हणून! तरी दार उघडायला १९९८ उजाडलं. पुढच्या वर्षी ज्या पहिल्या दहा बायकांना मानद सभासदत्व मिळालं, त्यांत त्या होत्या. २०१० मध्ये त्या इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाच्या संचालक झाल्या. १८ जानेवारी २०१७ ला गेल्या.

(दृश्य : खांद्यावर किट घेतलेल्या मुली, मैदानाचं फाटक.)

भारतात महिला क्रिकेट बीसीसीआयच्या छत्राखाली आलं २००६ मध्ये. त्या वेळी महिला क्रिकेट संघटनेच्या सचिव होत्या पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी. त्याही आधी कसोटी खेळलेल्या, लेगस्पिनर. बेळगावच्या मुली कर्नाटक क्रिकेटच्या धारवाड विभागात मोडतात. निवड चाचणीला जाताना बॅट, पॅड घेतातच. स्कोअरबुकमधल्या आपापल्या पानांचे फोटोही आता मोबाइलमध्ये असतात.