‘कालिन्का’ सुषिर वाद्यांवर बसवताना

श्रोतेहो, नमस्कार. रशियन लोकगीत म्हणून जगभर गायली जाणारी ‘कालिन्का’ मुळात इव्हान लारिओनोव यांनी १८६० मध्ये रचलेली आहे. वीसेक वादकांच्या सुषिर (फुंकून वाजवायच्या) वाद्यवृंदासाठी ती लिहायची, तर आधी पट्टी ठरवा. आणि ती क्लॅरिनेटकडे बघून ठरवा.

बी फ्लॅट क्लॅरिनेटचा सूर लिहिल्यापेक्षा एक स्वर खाली वाजतो, म्हणून त्याला एक स्वर वर लिहावं लागतं. जी मायनर घेतली, तर त्याचा षड्ज मधल्या ‘ए’वर येतो आणि ऋषभ ‘बी’वर. ‘ए’ला सगळी भोकं उघडी, ‘बी’ला सगळी बंद! ध्रुवपद धावू लागलं की बोटं नेमकी तिथेच अडखळतात. सी मायनरमध्ये क्लॅरिनेटला डी मायनर लिहावी लागते आणि धून बहुतेक वरच्या टप्प्यातच राहते, म्हणून तीच घ्या. ट्रम्पेटला मात्र ही पट्टी उंच पडते. त्याला धून देऊ नका, ठोक्यांपुरताच ठेवा.

ध्रुवपद सुरू होतं ते पंचमाच्या कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटावर). ट्यूबाला, म्हणजे खर्जाच्या मोठ्या पितळी वाद्याला, आधी ‘जी’ द्या, मग ‘सी’. सवयीने उलट लिहिलं, तर पहिल्याच मात्रेला धून आणि खर्ज भांडतात. या जी मेजर कॉर्डमधला ‘बी’ शुद्ध आहे, पण पट्टीच्या खुणेत तो कोमल असतो. म्हणून (हाच सूर प्रत्येक वाद्याला वेगळ्या नावाने लिहावा लागतो) क्लॅरिनेटला सी शार्प, हॉर्नला एफ शार्प, आल्टो सॅक्सोफोनला जी शार्प हाताने लिहावाच लागतो. तालमीतला निम्मा बेसूरपणा इथूनच येतो. शिवाय तो सूर एकाच वादकाकडे ठेवा; तिघांनी धरला, तर चढा लागतो.

आता लय. मिनिटाला ७० मात्रांपासून १५०पर्यंत जायचं आहे. खर्ज ट्यूबाचा, मधले ठोके हॉर्नचे, हे १३०पर्यंत ठीक चालतं. पुढे हॉर्न मागे रेंगाळतात आणि सगळ्यांना ओढतात. तिथून मधले ठोके काढून टाका, हॉर्नला मात्रेवरच आखूड कॉर्ड द्या.

बलालाइका या रशियन तंतुवाद्याची थरथर आणायला बासरीला जीभ फिरवायला लावण्याचा मोह होतो. तो टाळा, नुसती घरघर ऐकू येते.

कडवं मेजरमधलं, संथ, एकट्या गायकाचं. ते युफोनियमला (ट्यूबासारख्या, पण लहान पितळी वाद्याला) शोभतं. खाली लांब सूर धरणाऱ्या क्लॅरिनेटांच्या श्वासाच्या खुणा वेगवेगळ्या जागी लिहा. नाहीतर सगळे ओळीच्या शेवटी एकदम श्वास घेतात आणि युफोनियम उघडा पडतो.