विरामाचे शब्दांकन

माध्यमशिक्षक सहकारी आणि संशोधक विद्यार्थी मित्रहो,

‘कृत्रिम बुद्धिमत्ता, माध्यमशिक्षण आणि संशोधन’ असा आजचा विषय जाहीर झाला आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यानंतर आपल्या विभागांत काय काय घडले, हे आपण जाणताच. यंत्राने बातमी लिहिणे तर त्याहून जुने आहे. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेने कंपन्यांच्या तिमाही निकालांच्या बातम्या २०१४ मध्येच संगणकावर सोपवल्या होत्या. बातमी कोण लिहितो यापेक्षा मुलाखत कोण ऐकतो, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि त्यासाठी एक अनुभव सविस्तर सांगण्याची परवानगी घेते.

माझ्या एका विद्यार्थिनीने पत्रकारिता सोडलेल्या बातमीदारांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या होत्या. पूर्वी तासाभराची मुलाखत कागदावर उतरवायला पाच-सहा तास सहज लागत. तिने सारी ध्वनिमुद्रणे यंत्राकडे दिली आणि दुसऱ्याच दिवशी स्वच्छ शब्दांकन माझ्यासमोर ठेवले. एका ज्येष्ठ बातमीदाराला तिने विचारले होते, ‘दबावामुळे तुम्ही कधी बातमी मागे घेतलीत का?’ कागदावर उत्तर होते, ‘तसं कधी झालं नाही.’ या उत्तरावर तिने प्रबंधाचे एक प्रकरण उभे केले होते. मला मात्र ते त्या गृहस्थांच्या बाकीच्या बोलण्याशी जुळेना, म्हणून आम्ही दोघींनी मूळ ध्वनिमुद्रण लावले. ‘तसं कधी झालं नाही,’ एवढे बोलून ते थांबले, चांगलेच थांबले, खुर्ची करकरली, आणि मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, ‘असं नाही म्हणता येणार.’

मराठी वाक्याचा होकार-नकार बहुधा शेवटी ठरतो. यंत्राने विरामालाच वाक्याचा शेवट मानले आणि पुढचे पुटपुटणे गाळून टाकले. पण मला अस्वस्थ केले ते विद्यार्थिनीच्या बोलण्याने. ती म्हणाली, ‘मॅडम, मी तर त्यांच्या समोरच बसले होते. कागद वाचला आणि ऐकलेलं पुसूनच गेलं.’ शब्दांकनाला आपण इतकी वर्षे हमाली समजत आलो. प्रत्यक्षात ते दुसऱ्यांदा ऐकणे असते, आणि संशोधकाचा कान तिथेच तयार होतो.

ही एकट्या मुलाखतीची गोष्ट नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीच्या ‘व्हिस्पर’ या शब्दांकन-प्रणालीवर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे १ टक्का ध्वनिखंडांच्या शब्दांकनात कोणीही न उच्चारलेली वाक्ये किंवा वाक्यांश आढळले, आणि ज्यांच्या बोलण्यात विराम अधिक, त्यांच्या बाबतीत हे अधिक घडले. आमच्या उदाहरणात विरामानंतरचे बोलणे गळाले, तर तिथे नसलेले बोलणे उगवले. पुढचा संभाव्य शब्द शोधणारी रचना शांततेलाही शब्द पुरवू शकते.

संयोजकांची वेळेची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे उरलेले मुद्दे घाईनेच मांडावे लागतील. आशयविश्लेषणात, म्हणजे मजकुराची ठरलेल्या व्याख्यांनुसार वर्गवारी करताना, दोन संकेतकांचे, म्हणजे वर्ग ठरवणाऱ्या दोघांचे, मत जुळत नाही, तेव्हा बहुधा आपली व्याख्याच सैल असल्याचे कळते; यंत्र हजार बातम्यांना सुसंगत वर्ग देईल, परंतु सुसंगती म्हणजे यथार्थता नव्हे. शिवाय या यंत्रांमागची प्रारूपे (मॉडेल) बदलत राहतात, म्हणून कोणती आवृत्ती, कोणत्या तारखेला, कोणत्या सूचनांनिशी वापरली, हे संशोधनपद्धतीच्या प्रकरणात आलेच पाहिजे. लेखकत्वाचा प्रश्न ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये नीट सोडवला आहे: उत्तरदायित्व घेऊ न शकणारे साधन लेखक होऊ शकत नाही.

यंत्रलिखित मजकूर ओळखणाऱ्या साधनांवर विसंबून कोणालाही नापास करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. ओपनएआयने स्वतःचे असे साधन कमी अचूकतेमुळे जुलै २०२३ मध्ये मागे घेतले, आणि त्याच वर्षीच्या एका अभ्यासात अशा साधनांनी, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निम्म्याहून अधिक निबंध यंत्रलिखित ठरवले होते.

त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एक मुलाखत स्वतःच्या हाताने, विरामांसह उतरवावी, आणि मौखिक परीक्षेत परीक्षकांनी तिचा कोणताही दोन मिनिटांचा भाग लावून विचारावे की, इथे ही व्यक्ती का थांबली असावी.