मदत येईपर्यंतचा डोंगर

(नाशिकमध्ये ट्रेकर्ससमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पाऊस लागला की आपल्या नाशिककरांचे पाय त्र्यंबक-इगतपुरीकडे वळतात, आणि ते वळायलाच हवेत. ज्या जिल्ह्यात साल्हेर आहे, अलंग-मदन-कुलंग आहेत, तिथल्या पोरांनी घरात बसावं असं मी कधीच म्हणणार नाही. मला आज सांगायचंय ते एवढंच की, डोंगरात अपघात झाला तर पुढे नेमकं काय घडतं. ते एकदा नीट कळलं की सॅकमध्ये काय भरायचं हे फारसं शिकवावं लागत नाही.

साधं उदाहरण घेऊ. हरिहर गडाच्या माथ्यावर कुणाचा तरी घोटा मोडला. जिवाला धोका नाही, पण पाय टेकवत नाही. दुपारचे चार वाजलेत. आधी रेंज शोधण्यात वेळ जातो. मग ११२ला फोन लागतो, तिथून पोलीस ठाण्याला, तिथून गिर्यारोहकांच्या संस्थेला निरोप जातो. आपल्याकडे वैनतेयसारख्या संस्था आहेत, राज्यभरातल्या पथकांचा मेळ घालणारं समन्वय केंद्रही आहे. पण ही सगळी आपापल्या नोकरी-धंद्यातली माणसं. कुणी दुकानात, कुणी कारखान्यात शिफ्टवर. निरोप मिळाल्यावर ती सुट्टी काढणार, दोर-हार्नेस गाडीत टाकणार, रविवारच्या गर्दीतून त्र्यंबक ओलांडणार, पायथ्याच्या निर्गुडपाड्याला पोचणार आणि तिथून चढायला लागणार. चार तासांत ती तुमच्यापाशी आली तर फार वेगानं आली असं समजा. तोवर अंधार पडलेला असतो.

आता खरं काम सुरू होतं. हरिहरचा तो कातळातला जिना तुम्हाला माहीत आहे. जवळपास उभाच, एका वेळी एकच माणूस मावेल एवढा, हाताच्या आधारासाठी पायऱ्यांतच खोबण्या खोदलेल्या. पावसाळ्यात या खोबण्यांत पाणी साचतं आणि पायऱ्यांवर शेवाळ धरतं. त्यावरून स्ट्रेचर हातावर उतरवता येत नाही. वर दोराला भक्कम आधार शोधायचा, जखमीला स्ट्रेचरवर आवळून बांधायचं आणि इंच-इंच खाली सोडायचं. स्ट्रेचर कातळावर आपटू नये म्हणून एक जण त्याच्या बरोबरीनं दोरावर लटकत उतरतो. जिना संपला की पायवाट. ती फूट-दीड फूट रुंद, आणि स्ट्रेचरच्या दोन्ही अंगांना तीन-तीन माणसं. म्हणजे वाटेवरून कुणीच चालत नाही. सगळे कडेच्या झाडोऱ्यातून, दगडांवरून, समोरचं न दिसता चालतात. मागे एक जण दोर धरून ओढ सांभाळतो. थोड्या-थोड्या अंतरावर खांदे बदलावे लागतात. जी वाट तुम्ही तासाभरात उतरता तिला मध्यरात्र उलटते.

आणि ही माणसं असतात कोण? पथकातली चार-सहा सोडली तर बाकीची पाड्यावरची. जुलैत तिकडे भाताची आवणी चालू असते. दिवसभर चिखलात वाकून रोपं लावलेला माणूस संध्याकाळी जेवायला बसतो आणि बाहेरून हाक येते, ‘वर कुणीतरी अडकलंय.’ तो उठतो. त्याच्या पायात ट्रेकिंगचे बूट नसतात, डोक्याला टॉर्च नसतो. तो घसरला तर त्याच्या घरची आवणी कोण करणार? माझ्या मते आपल्या जबाबदारीचा प्रश्न इथे सुरू होतो.

यावर हल्ली लोक चटकन म्हणतात, ‘मग बिल लावा यांना.’ अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात निष्काळजीपणानं अडकलेल्यांकडून बचावाचा खर्च वसूल करण्याचा कायदा आहे. पण त्याच देशातल्या पर्वतीय बचाव पथकांच्या संघटनेचा अशा वसुलीला विरोध आहे, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. बिलाची भीती असली की माणूस फोन लांबवतो. चार वाजता करायचा फोन रात्री नऊला करतो, तोवर अंधारात स्वतःच उतरायची खटपट करतो, आणि एका जखमीचे तीन होतात. लाजेचंही तसंच. ‘पेपरात नाव येईल, घरचे ओरडतील’ म्हणून गप्प बसणारी पोरं असतात. बाळांनो, लवकर फोन करा. उजेड आहे तोवर करा. जबाबदार ट्रेकरची ही पहिली खूण मी मानतो.

फोन केल्यानंतरचे ते चार-सहा तास मात्र सर्वस्वी तुमचे असतात. भिजलेला शर्ट आणि माथ्यावरचा वारा एवढ्यावर माणूस ऑगस्टमध्येसुद्धा गारठून बेशुद्ध पडू शकतो. म्हणून प्रत्येकाच्या सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले कोरडे कपडे हवेत, हेडटॉर्च हवा, शिट्टी हवी, एक जेवण जास्तीचं हवं. जखमीला उघड्या कातळावर बसवू नका, खाली सॅक सरकवा. डोक्याला किंवा पाठीला मार असेल तर त्याला हलवू नका. सगळ्यांचे मोबाइल एकदम संपवू नका. एकच चालू, बाकीचे बंद. कॉल लागत नसेल तर एसएमएस करून बघा, अंधुक रेंजमध्ये तो बऱ्याचदा निघून जातो.

वाट चुकलात तर एक गोष्ट काळजावर कोरून ठेवा: ओढ्यानं खाली उतरायचं नाही. ‘पाणी गावाकडेच जाणार’ हा हिशेब सह्याद्रीत जिवावर बेततो. आपला डोंगर लाव्हाच्या थरांवर थर बसून झालाय. ओढा एका थरावरून चालत येतो आणि थर संपला की सरळ कड्यावरून उडी घेतो. तुम्ही घसरत चार टप्पे उतरता, पुढे धबधबा, आणि मागे चढता येत नाही. अलंग-कुलंगच्या पायथ्याच्या रानात ढोरवाटा इतक्या आहेत की धुक्यात भले भले चकतात. चुकल्याचं कळलं की थांबा, शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत परत या, तेही जमत नसेल तर आहे तिथेच बसून शिट्टी वाजवा. बसलेला माणूस सापडतो. फिरणाऱ्याला शोधताना पथकाची रात्र जाते.

पैसे भरून ग्रुपबरोबर जाणाऱ्यांनाही हे सगळं लागू आहे. राज्य सरकारनं २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलंय, आयोजकांची नोंदणी व्हावी अशी त्यात अपेक्षा आहे. तेव्हा विचारा. नोंदणी आहे का, एका लीडरमागे किती माणसं, प्रथमोपचार कुणाला येतो, किती वाजता माथा मिळाला नाही तर परत फिरणार? उत्तर देताना समोरचा चिडला तर त्या ग्रुपबरोबर जाऊ नका.

आणि घरी ‘ट्रेकला चाललोय’ एवढंच सांगून निघू नका. कुठला गड, कुठल्या गावातून चढणार, बरोबर कोण, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची, हे लिहून द्या. पायथ्याला ज्या घरासमोर गाडी लावता त्या घरीही नाव, नंबर आणि उतरायची वेळ सांगा. उतरल्यावर ‘मावशी, आलो आम्ही’ हे सांगितल्याशिवाय गाडीला किल्ली लावू नका, नाहीतर तुम्ही नाशकात जेवत असाल आणि त्या घरातली माणसं बॅटरी घेऊन तुम्हाला शोधायला वर निघालेली असतील.