लग्नाला फोटोग्राफर किती तास सांगायचा?

श्रोतेहो, नमस्कार.

तुळशीची लग्नं लागली की आमच्या फोटोच्या दुकानातला फोन वाजायला लागतो. बोलणारा बहुतेक मुलीचा काका नाहीतर मामा असतो आणि प्रश्न ठरलेला, "मुहूर्त बारा पस्तीसचा आहे. तीन-चार तासांचं काय घ्याल?" मी विचारतो, "पाव्हणं, मुहूर्ताचं राहू द्या. मुलगी कार्यालयात किती वाजता येणार आणि मुलगी सासरच्यांच्या हाती सोपवायची झाल किती वाजता?" पलीकडं जरा शांतता होते.

रोलचा कॅमेरा होता तेव्हा तासाचा हिशेब कुणी करत नसे. एका रोलमध्ये 36 फोटो. घरची मंडळी रोल मोजायची आणि आम्ही फोटो जपून काढायचो. आता मेमरी कार्डात हजारो फोटो मावतात, म्हणून मोजायला उरला तो माणसाचा वेळ. हा वेळ मात्र लोक पत्रिकेवरच्या मुहूर्तावरून मोजतात, आणि गडबड तिथंच होते.

आपल्या सांगली-मिरज, तासगाव, विटा भागातलं दुपारचं लग्न घ्या. सकाळी आठला नवरीच्या खोलीत मेकअप सुरू झालेला असतो. बऱ्याच ठिकाणी हळदही कार्यालयातच, नऊ-साडेनऊला. अकराला नवरदेवाला फेटा बांधतात आणि परण्या, म्हणजे मारुतीच्या देवळापर्यंतची त्याची मिरवणूक, निघतो. मारुतीचं देऊळ दोनशे पावलांवर असलं तरी हलगीवाल्यानं ठेका धरला की त्या दोनशे पावलांना पाऊण तास लागतो. तोवर इकडं माईकवर स्वागत चालू होतं. सरपंच, चेअरमन, माजी सभापती. आमदारसाहेब पाच मिनिटांत पोहोचतायत, ही पाच मिनिटं कधी पाच नसतात. बारा पस्तीसच्या अक्षता एकच्या पुढं पडल्या तर कुणाला नवल वाटत नाही.

मग स्टेज. हजार पाहुण्यांतले सहाशे जण जरी भेटायला वर चढले आणि चार-चार जणांचा घोळका धरला, तर दीडशे घोळके होतात. प्रत्येकाला अर्धा मिनिट म्हटलं तरी सव्वा तास. शिवाय जेवून आलेले मामा "मगाशी आमची मंडळी नव्हती" म्हणत पुन्हा उभे राहतात ते वेगळं. हे सगळं आवरून कन्यादान, होम, सप्तपदी सुरू व्हायला साडेतीन वाजतात.

आता चार तासांचा माणूस अकराला आला असेल, तर तो तीनला बॅग भरणार. त्याच्याकडं तुमच्या लग्नाचं काय असेल? अक्षता आणि पाकीट देणारी माणसं. सप्तपदी नाही, कानपिळी नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात लिहिलंय की जिथं सप्तपदीची रीत आहे, तिथं सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो. म्हणजे कायद्याच्या हिशेबानं लग्न लागलं तेव्हा फोटोग्राफर स्टँडवर गाडीची वाट बघत होता!

आणि झाल तर राहतेच. माझ्या मते अख्ख्या लग्नातले सगळ्यात मोलाचे फोटो त्या पंधरा मिनिटांत मिळतात. वेळूच्या टोपलीत कणकेचे दिवे लावलेले असतात. ती टोपली नवऱ्याकडच्या एकेकाच्या डोक्यावर धरतात आणि मुलीचा बाप सासरच्यांना म्हणतो, आता ही तुमची. वाऱ्यानं दिवा विझू नये म्हणून कुणीतरी आत्या पदर आडवा धरून उभी असते. दिवसभर जेवणाच्या पंगतीत आणि हिशेबात अडकलेला बाप तेव्हा पहिल्यांदा एका जागी थांबलेला दिसतो. इथं फ्लॅश मारायचा नाही, दिव्यांचा उजेड चेहऱ्यावर येतो तेवढा पुरतो. हे पाच-साडेपाचला होतं.

म्हणून माझं उत्तर असं: एका दिवसाच्या दुपारच्या लग्नाला दहा तास, सकाळी आठ ते सहा. नवरीच्या तयारीचे फोटो नको असतील तर आठ तास. गोरज मुहूर्त असेल तर गणित उजेडाचं. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमाराला मावळतो, डिसेंबरात सहालाच. अक्षतांनंतर अंधार, तेव्हा जोडीचे आणि घरच्यांचे फोटो आधीच उरकावे लागतात. दुपारी दोनला बोलवा आणि रात्री दहा-साडेदहापर्यंत ठेवा. वरातीचे स्पीकर तसेही दहाला बंद करावे लागतात. बौद्ध किंवा सत्यशोधक पद्धतीचं लग्न असेल तर विधी तासाभरात आटोपतो, तिथं चार-पाच तास भरपूर झाले.

पैसे कमी असतील तर काय कापायचं? ड्रोन कापा. गाडीतून धूर सोडत होणारी एंट्री कापा. प्री-वेडिंगसाठी वाईचा घाट नाहीतर कासचं पठार गाठायचा हट्टही सोडता येतो. तास कापू नका. आणि दोन माणसं परवडत असतील तर दोन घ्याच, कारण परण्या मारुतीच्या देवळात असतो तेव्हाच इकडं नवरी गौरीहराशी बसलेली असते. एक माणूस दोन्हीकडं पुरत नाही.

आपल्याच जिल्ह्यात स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रतिसरकारच्या काळात बँड-मानपानाला फाटा देऊन गांधी विवाह लागले. तसं कुणी आज करत असेल तर मी स्वतः सांगेन, दोन तास पुरे. पण हजार पत्रिका वाटून दोन तासांचा फोटोग्राफर, हा हिशेब जुळत नाही.

ठरवताना काही गोष्टी कागदावर घ्या. तास कुठून मोजायचे, दुकानातून निघाल्यापासून की कार्यालयात पोहोचल्यापासून? सांगलीचा माणूस जतला न्यायचा तर यावर वाद होतोच. जादा तासाचा दर आधीच विचारा, मांडवात विचाराल तर दोघांचीही पंचाईत. कॅमेरेवाल्यांची जेवणं कोणत्या पंगतीला, हे आचाऱ्याला सांगून ठेवा. ते शेवटच्या पंगतीला बसले आणि नेमकी तेव्हाच कानपिळी झाली, असं बऱ्याच ठिकाणी होतं. दोष कुणाचाच नसतो, पण मेहुण्याचा फोटो जातो तो जातोच.

आदल्या रात्रीची हळद आणि लग्नानंतरचा जागरण-गोंधळ या दोन वेगळ्या ऑर्डरी धरा. गोंधळ रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. सकाळी आठपासून उभ्या असलेल्या माणसाला तिथं थांबवण्यात अर्थ नाही, त्याच्यासाठी दुसरा माणूस सांगा. सत्यनारायणाला मात्र कुणी लागत नाही, भाच्याचा मोबाईल पुरे.