उजेडाच्या वेळा

मित्रहो, फोटोग्राफी हा माझा व्यवसाय नाही. सवड मिळाली की प्रवासाला निघायचं आणि डोंगर, पाणी, आभाळ यांचे फोटो काढायचे, हा माझा अनेक वर्षांचा छंद. हौशी माणसाच्या फोटोची कुणी वाट बघत बसलेलं नसतं. त्यामुळे वाट बघायला तो स्वतः मोकळा असतो. त्या वाट बघण्याबद्दलच मी आज बोलणार आहे.

प्रवासाचं वेळापत्रक आणि उजेडाचं वेळापत्रक यांचं मुळातच जमत नाही. सगळं आटोपून सकाळी निघायचं, ऐन दुपारी ठिकाणावर पोचायचं, अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा, अशी बहुतेक सहलींची आखणी असते. म्हणजे सूर्य डोक्यावर असतो तेव्हा आपण दरीच्या काठावर, आणि तो उतरायला लागला की आपण गाडीत.

सूर्य क्षितिजाला टेकतो तेव्हा त्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्यापेक्षा सुमारे ३८ पट जास्त हवेतून येतो. निळा रंग वाटेतच विखुरतो आणि लालसर-पिवळा तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. हे आपण सगळेच जाणतो. पण मला विचाराल तर त्या सोनेरी रंगापेक्षा सावली मोलाची. भरदुपारी डोंगर म्हणजे एक सपाट हिरवा-तपकिरी पडदा असतो. संध्याकाळी आडवा उजेड आला की त्याच डोंगराला घड्या दिसायला लागतात, सोंडा वेगळ्या होतात, मधली घळ खोल जाते. वाळूवर वाऱ्याने उमटवलेल्या रेघा दुपारी शोधूनही सापडत नाहीत. सूर्य उतरल्यावर प्रत्येक रेघेला स्वतःची सावली मिळते. फोटोला खोली येते ती या सावल्यांमुळे. तीच नसेल, तर नंतर कॉम्प्युटरवर रंग कितीही गडद करा, काही हाती लागत नाही.

म्हणून मी प्रवासात ठिकाणं कमी करत गेलो आणि मुक्काम वाढवत गेलो. नव्या जागी पोचलो की पहिल्या संध्याकाळी नुसता भटकतो. सूर्य कुठल्या खिंडीत मावळतो, शेवटचं ऊन कुठल्या उतारावर रेंगाळतं, पाण्यात कशाचं प्रतिबिंब पडतं, हे बघून ठेवतो. मोबाइलमधली ॲप्स सूर्याची दिशा अचूक सांगतात, पण समोरचा कडा ऊन किती आधी अडवणार, ते जागेवर उभं राहिल्यावरच नीट उमगतं. यासाठी एक सोपं माप आहे. हात समोर सरळ ताणून बोटं आडवी धरा. सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये चार बोटं मावली तर सूर्यास्ताला साधारण तासभर आहे. एका बोटाला पंधरा मिनिटं. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, पण हे माप ढोबळच समजा. ध्रुवांच्या बाजूच्या देशांत मात्र तो तिरका उतरतो, त्यामुळे तिथे याहून जास्त वेळ मिळतो. उत्तरेकडे गेलात तर त्या लांबलेल्या संध्याकाळी पोटभर वापरून घ्या.

सूर्य बुडाला की गर्दी उठते. तुम्ही थांबा. सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंत आभाळात पुरेसा उजेड असतो, आणि त्यातला निळा दर मिनिटाला बदलत असतो. शटर काही सेकंद उघडं ठेवावं लागतं, म्हणून ट्रायपॉड हवा. बोटाच्या धक्क्यानेही कॅमेरा हलतो, तेव्हा दोन सेकंदांचा टायमर लावा. वारा असेल तर ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला पाठपिशवी अडकवा.

चंद्राबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण तो माझा खास जिव्हाळ्याचा विषय. चंद्राचा फोटो पौर्णिमेलाच काढावा असं वाटतं. पण पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमाराला उगवतो, आणि तो जरा वर येईतो जमीन काळी पडलेली असते. चंद्रावर तर भर उन्हाचा उजेड असतो. जमिनीचं एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते प्रमाण, धरलं की चंद्राची पांढरी टिकली होते, चंद्राचं धरलं की जमीन गायब. चंद्रोदय रोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे जातो. म्हणजे आदल्या दिवशी, चतुर्दशीला, चंद्र वर येतो तेव्हा डोंगरावर अजून ऊन असतं आणि दोन्ही एकाच फोटोत मावतात. मी माझे प्रवास आता शक्यतो चतुर्दशी बघून ठरवतो.

अमेरिकी छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांचं अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचं छायाचित्र तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. मोटारीतून जाताना त्यांना ते दृश्य दिसलं. दफनभूमीतल्या क्रुसांवर शेवटचं ऊन होतं आणि प्रकाशमापक काही सापडेना. चंद्राची तेजस्विता किती, हा आकडा त्यांना पाठ होता; त्यावरून त्यांनी एक्स्पोजर ठरवलं आणि एक फोटो घेतला. दुसऱ्याची तयारी होईपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. पुढे त्या दिवसाची तारीखही त्यांना नक्की सांगता येईना. अखेर खगोल-अभ्यासकांनी चित्रातल्या चंद्राच्या जागेवरून गणित मांडून ती काढली: १ नोव्हेंबर १९४१. मला ही हकीगत फार आवडते. उजेड टिकला काही क्षण, पण ते क्षण नेमके कोणते होते, हे चंद्राच्या जागेने इतक्या वर्षांनंतरही सांगितलं!

मग दुपारचं काय करायचं? जंगलात शिरा. आभाळ भरलेलं असेल तर ओढे आणि धबधबे यांच्यासाठी याहून चांगली वेळ नाही, कारण ढगांमुळे सावल्या मऊ होतात आणि पाण्याचा पांढरा रंग उजळून जात नाही. लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चकाकी अडवणारा फिल्टर, लावून हळूहळू फिरवा. ओल्या पानांवरची आणि दगडांवरची चकाकी निघून जाते, खालचा खरा रंग वर येतो. उघड्या आभाळावर मात्र तो जपून वापरावा. सूर्यापासून ९० अंशांवर त्याचा परिणाम सर्वांत जास्त असतो, त्यामुळे वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या, लेन्सने काढलेल्या आभाळात मध्येच गडद पट्टा येतो.

घरच्यांबरोबर प्रवास करणारे मला नेहमी विचारतात, की त्यांना किती ताटकळत ठेवायचं? अजिबात ठेवू नका. पहाट तुमची, दिवस त्यांचा. पहाटे सगळे झोपेत असतात, हवा निवळलेली असते, वारा बहुधा पडलेला असतो आणि तळ्याचं पाणी स्थिर असतं. उजाडायच्या तासभर आधी जागेवर पोचा. टॉर्च आणि आणखी एक बॅटरी बरोबर असू द्या. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून ती कोटाच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवा. आणि चांगली चौकट मिळावी म्हणून रानफुलं तुडवू नका, काठावरची कच्ची माती पायाखाली ढासळू देऊ नका. तो काठ उद्या येणाऱ्या माणसालाही हवा आहे.

आता पडद्यावर एकाच तळ्याचे पहाटेपासून रात्रीपर्यंतचे फोटो दाखवतो. प्रत्येकाखाली वेळ लिहिली आहे. मध्येच कुणाला थांबवून विचारावंसं वाटलं, तर जरूर विचारा.