बगळा खुराड्यात नको

नमस्कार मंडळी. थंडी पडली, तलावावर बदकं उतरली, म्हणजे बर्ड फ्लूची भीती आलीच, त्यात संक्रांत आली, म्हणजे मांजात कापलेले पक्षी घेऊन पोरं दारात येणारच. नायलॉन मांजावर बंदी आहे तरी विकतात, अन् घेऊन देणाऱ्या बापाला आधी दंड करा असं माझं स्पष्ट मत आहे, असो.

आमच्या गावच्या एका आजीचं सांगते. तिचा नातू वावरातून बगळा घेऊन आला, मान वाकडी झालेली, पायावर उभा राहीना. पोट्टं निघालं त्याला सरळ कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवायला, ऊब मिळंल म्हणून. आजी ओसरीवरूनच ओरडली, "काऊन रे, माह्या कोंबड्यायले मारतं का? तठीच ठेव!" मग धुऱ्यावरच्या बाभळीखाली बगळ्यावर टोपलं पालथं घातलं, वर दगड ठेवला, कुत्रं बांधलं, कोंबड्या कोंडल्या, अन् नातवाला अंगणातच साबण लावून आंघोळ, पोरगं कुडकुडतंय पण आजी ऐकते कुठं, कपडे वेगळ्या बादलीत, चपला बाहेर. नातू म्हणे एकदा बघून येतो, तर आजी म्हणे, "फोन केला ना फॉरेस्टवाल्याले, आता तो पाहीन." वनरक्षक हातमोजे-मास्क लावूनच आला. बगळा काही वाचला नाही, पण आजीची एकही कोंबडी दगावली नाही.

तर वेगळं ठेवा. परत सांगते, कोंबड्यांपासून वेगळं. बर्ड फ्लूचा विषाणू विष्ठेत, लाळेत असतो, चपलेला लागून घरात येतो, अन् बदक वरून ठणठणीत दिसत असलं तरी त्याच्या अंगात असू शकतो. रेस्क्यू सेंटरमध्येही नवा पक्षी आधी क्वारंटाइनमध्येच राहायला पाहिजे, अन् त्याचं काम सगळ्यात शेवटी, वेगळे बूट घालून.

घुबड-घारीला कच्चं चिकन टाकू नका. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा रेस्क्यू सेंटरमध्ये तीन वाघ अन् एक बिबट मेले, जानेवारीत भोपाळच्या लॅबनं एच5एन1, म्हणजे बर्ड फ्लूच, सांगितला, अन् संशय खाण्यातल्या चिकनवरच होता. एवढे मोठे वाघ हो!

कावळे, बगळे एकाच जागी पटापट मरताना दिसले तर उचलू नका, वनविभागाच्या 1926 ला फोन करा, जनावरांच्या डॉक्टरला कळवा. अन् पक्षी हाताळल्यावर दहा दिवसांत ताप आला, डोळे लाल झाले, तर दवाखान्यात पहिलं वाक्य हेच सांगा, की मी आजारी पक्ष्याला हात लावला होता.