थॉमस नावाची मॅशी

श्रोतेहो,

जागतिक गोल्फ हॉल ऑफ फेममध्ये १९७८ साली जिचा समावेश झाला, त्या स्कॉटिश स्त्रीचे नाव तेथे ‘डोरोथी कॅम्पबेल हर्ड हाउ’ असे नोंदलेले आहे. एक आडनाव माहेरचे आणि दोन सासरची. जुन्या निकालपत्रांत मात्र ही आडनावे अशी एका ओळीत भेटत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय हौशी स्पर्धेची १९०९ आणि १९१० सालची विजेती ‘मिस कॅम्पबेल’ आहे आणि १९२४ सालची ‘मिसेस हर्ड’. यादी वरवर चाळणाऱ्याला या दोन निराळ्या बायका वाटतील, आणि खेळापुरते बोलायचे तर तो समज अगदीच खोटाही नाही, कारण या दोघींची क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, हातात धरण्याची रीतसुद्धा एक नव्हती. मला आज बोलायचे आहे ते मुख्यतः या दुसऱ्या बाईविषयी. पण तिच्याकडे जाण्याची वाट पहिलीच्या गावावरून जाते.

ते गाव नॉर्थ बर्विक. एडिंबरोच्या पूर्वेला, समुद्रकाठी. डोरोथीचा जन्म तेथे १८८३ साली, गोल्फ खेळणाऱ्या घरात झाला. या किनाऱ्यावरच्या मैदानांना ‘लिंक्स’ म्हणतात: खाली वाळू, वर आखूड आणि कणखर गवत, आणि समुद्रावरून सतत येणारा वारा. अशा ठिकाणी चेंडू उंच उडवला तर वारा तो भरकटवतो आणि जमिनीवर पडल्यावर तो कोठेही उसळतो. म्हणून तेथली मुले लहानपणीच चेंडू जमिनीसरपट ठेवून, थोडा उडवून बराच घरंगळवत, ज्या खळग्यात तो शेवटी घालायचा असतो त्याच्याजवळ नेण्याची कला शिकतात. गावातच बेन सेयर्स हा नावाजलेला व्यावसायिक खेळाडू आणि क्लब बनवणारा कारागीर होता. त्याचे मार्गदर्शन डोरोथीला मिळाले. पुढे आयुष्यभर तिच्या हाताला जी नजाकत राहिली, तिचे मूळ या वाळूत आहे असे मला वाटते.

स्त्रियांच्या गोल्फची तेव्हाची अवस्थाही थोडी सांगायला हवी. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजला १८६७ साली स्त्रियांचा क्लब निघाला तो केवळ पटिंगचा, म्हणजे जवळून चेंडू खळग्यात ढकलण्याचा, कारण बाईने क्लब खांद्याच्या वर उगारणे अशोभनीय समजले जाई. स्त्रियांची राष्ट्रीय संघटना आणि त्यांची ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा १८९३ साली सुरू झाली. डोरोथी मोठी झाली तेव्हा पूर्ण स्विंग मारण्याला हरकत उरली नव्हती, पण पोशाख मात्र बदलला नव्हता. घोट्यापर्यंतचा स्कर्ट वाऱ्याने फुगून चेंडू दिसेनासा होई. म्हणून चेंडू मारण्याआधी स्कर्टभोवती खाली सरकवायचा एक लवचिक पट्टा मिळे, आणि त्याला ‘मिस हिगिन्स’ असे एका खेळाडूचेच नाव पडले होते. त्या काळातले पराक्रम मोजताना हा पट्टा विसरू नये.

१९०५ साली आपल्याच गावच्या मैदानावर डोरोथी स्कॉटलंडची विजेती झाली. पुढे १९०६ आणि १९०८ सालीही. ब्रिटिश स्पर्धेच्या १९०८ सालच्या अंतिम सामन्यात मात्र सेंट अँड्रूजला मॉड टिटरटनने तिला एकोणिसाव्या होलवर, म्हणजे अठरा होलांत (होल म्हणजे एक खळगा आणि तेथवरचा खेळाचा टप्पा) बरोबरी झाल्यानंतर, हरवले. पुढचे वर्ष तिचे होते. इंग्लंडमधल्या बर्कडेलला तिने फ्लॉरेन्स हेझलेटला ‘४ आणि ३’ असे हरवले. होलनिहाय सामन्यात याचा अर्थ असा की तीन होल शिल्लक असताना ती चार होलांनी पुढे होती, तेव्हा पुढे खेळण्यात अर्थ उरला नाही. त्याच वर्षी तिने अटलांटिक ओलांडला आणि फिलाडेल्फियाजवळच्या मेरियनला अमेरिकेचेही अजिंक्यपद जिंकले. एका वर्षात या दोन्ही देशांचा किताब त्याआधी कोणा स्त्रीने मिळवला नव्हता. १९१० साली अमेरिकेचा किताब तिने राखला, ती कॅनडातल्या हॅमिल्टनला राहायला गेली आणि १९१० ते १९१२ अशी सलग तीन वर्षे कॅनडाची विजेती झाली. मध्येच १९११ साली आयर्लंडमधल्या पोर्टरशला ब्रिटिश अजिंक्यपदही पुन्हा घेऊन आली.

१९१३ साली पिट्सबर्गच्या जॅक हर्ड यांच्याशी तिचा विवाह झाला, मुलगा झाला, आणि मोठ्या स्पर्धांतून तिचे नाव विरळ होत गेले. येथवरची कथा एखाद्या गुणी मुलीच्या कथेसारखी आहे, आणि ती येथे संपली असती तरी कोणाला आश्चर्य वाटले नसते. तिने खेळ सोडला मात्र नव्हता: अमेरिकेतल्या पाइनहर्स्टची ‘नॉर्थ अँड साउथ’ ही मानाची स्पर्धा तिने १९१८, १९२० आणि १९२१ साली जिंकली. पण राष्ट्रीय स्पर्धेत तिच्यासमोर आता निराळी पिढी होती. रबराच्या गाभ्याचा चेंडू विसाव्या शतकाच्या आरंभी आला आणि तो जोराने मारणाऱ्याला भरभरून परतफेड देई. अलेक्सा स्टर्लिंग, ग्लेना कॉलेट या अमेरिकन मुली तो चेंडू डोरोथीच्या कितीतरी पुढे टाकत. तिची जुनी पद्धत होती क्लब तळव्यात धरून चेंडू झाडल्यासारखा लोटण्याची. तिच्यात अचूकपणा होता, लांबी नव्हती.

चाळिशीच्या आसपास, आयुष्यातल्या एकूण अकरापैकी दहा राष्ट्रीय किताब पदरी असताना, तिने हा स्विंग मोडला. मार्गदर्शक कोण, तर मेरियनचा व्यावसायिक खेळाडू जॉर्ज सेयर्स, म्हणजे नॉर्थ बर्विकच्या त्याच बेन सेयर्सचा मुलगा. बापाने लहानपणी शिकवलेले मुलाने सुधारले. तळव्यातली पकड सोडून तिने उजव्या हाताची करंगळी डाव्या तर्जनीवर टेकवणारी, हॅरी वार्डन या नामांकित खेळाडूच्या नावाने ओळखली जाणारी पकड घेतली आणि चेंडूला प्रहार करायला शिकली. ज्यांनी पेटी किंवा तबला जाणत्या वयात नव्या गुरूकडे पुन्हा शिकला असेल, त्यांना हे काम काय असते ते सांगायला नको: हात जुन्याच वाटेने जाऊ पाहतात आणि काही महिने धड जुनेही येत नाही आणि नवेही. १९२३ साली तिचा घटस्फोटही झाला होता, हे येथे सांगितले पाहिजे.

एक गोष्ट मात्र तिने बदलली नाही. तिच्या पिशवीत वाकड्या मानेची एक जुनी मॅशी होती. मॅशी म्हणजे आजच्या पाच क्रमांकाच्या लोखंडी क्लबच्या जवळपासचे हत्यार. तिचे नाव तिने ‘थॉमस’ ठेवले होते, आणि पटरचे, म्हणजे पटिंगच्या क्लबचे, ‘स्टेला’. ग्रीनच्या, म्हणजे खळग्याभोवतीच्या गुळगुळीत गवताच्या, कडेवरून थॉमसने चेंडू हलका उचलून घरंगळवत खळग्याशी नेणे हा नॉर्थ बर्विकचाच फटका होता.

१९२४ सालची अमेरिकन स्पर्धा ऱ्होड आयलंड कंट्री क्लबवर झाली. ग्लेना कॉलेट त्याच राज्यातली, आणि त्या वर्षी तिने साठांपैकी एकोणसाठ सामने जिंकले. हरलेला एक तो याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत. तिच्याविरुद्ध होती मेरी के. ब्राउन, जी मुळात टेनिसमधली तीन वेळची अमेरिकन विजेती. एकोणिसाव्या होलवर ब्राउनचा पट, म्हणजे पटिंगचा फटका, ग्लेनाच्या चेंडूला लागला आणि तेथून वळून खळग्यात गेला. तेव्हा प्रतिस्पर्ध्याचा चेंडू उचलायचा नियम नव्हता, म्हणून कॅरममध्ये सोंगटीला सोंगटी लागून पॉकेट व्हावी तसा हा प्रकार घडू शकला. त्यामुळे डोरोथीला ग्लेनाशी खेळावे लागले नाही, आणि हे तिचे नशीब होते असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. पण अंतिम सामना तिने ‘७ आणि ६’ असा घेतला, आणि तेवढे अंतर नशिबाने पडत नाही. तिचे वय तेव्हा एकेचाळीस होते. आधीच्या अमेरिकन किताबाला चौदा वर्षे झाली होती.

१९२६ साली ऑगस्टा कंट्री क्लबवर तिने अठरा होलांच्या एका फेरीत अवघे १९ पट वापरले. प्रत्येक होलला दोन पट हे तेव्हाही आणि आजही चांगल्या खेळाचे माप आहे, म्हणजे छत्तीस. यावरून थॉमसने चेंडू किती जवळ नेऊन ठेवला असेल याचा अंदाज येतो. १९३७ साली तिने एडवर्ड हाउ यांच्याशी दुसरा विवाह केला. तोही टिकला नाही. १९३८ साली ज्येष्ठ महिलांची अमेरिकन स्पर्धा तिने जिंकली. मार्च १९४५ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या येमासी येथे रेल्वेच्या अपघातात तिचा मृत्यू झाला.